पाठीवरचं नाव

कोविडच्या वॉर्डात पीपीई किट चढवलं की आम्ही सगळ्या सिस्टर सारख्याच दिसायचो, म्हणून पाठीवर काळ्या मार्करनं नाव लिहायचो. नाशिकच्या त्या हॉस्पिटलात माझं नाव बाहेरच्या नातेवाइकांना तोंडपाठ होतं, कारण पेशंट कसा आहे ते फोनवर मीच सांगायचे.

वॉर्डात पिंपळगावची एक म्हातारी होती. ऑक्सिजनवर, आणि अन्नाला शिवत नव्हती. आम्ही घास पुढे केला की तोंड फिरवायची, लेकाच्या हातचंच खाईन म्हणायची. तशीच राहिली असती तर हातची गेली असती. लेक द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. नातेवाइकांना आत सक्त बंदी. मग माझी ड्यूटी संपली की मी त्याला किट चढवायचे, पाठीवर माझंच नाव लिहायचे आणि आत सोडायचे. नियम गेला खड्ड्यात, म्हातारी जेवत होती.

एका दुपारी शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला. सकाळीच त्याच्या घरच्यांना मी सांगितलं होतं की बरे आहेत, चहा घेतला. खरंच घेतला होता हो. घरचे आले ते माझ्या नावानं शिव्या देतच. दाराची काच फुटली. मी किट उतरवून बाहेर उभी होते, घामानं थबथबलेली. माझा चेहरा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. एकानं मला खांद्यानं बाजूला ढकललं आणि सगळे आत घुसले.

आत लेक आईला वरणभात भरवत होता. दाराकडे पाठ, पाठीवर माझं नाव.

सलाइनचा लोखंडी स्टँड उचलून एकानं त्या पाठीवर घातला. आईला लागू नये म्हणून लेक तिच्यावर ओणवा झाला. मी सिस्टर नाही, एवढं बोलला असता तर सुटला असता, पण मग त्याचं आत येणं कायमचं बंद झालं असतं. तो बोलला नाही. दुसरा फटका अडवायला त्यानं उजवा हात वर केला आणि हाड मोडलेलं मला दारातून ऐकू आलं.

मी नामपूरची, तोंडानं आधीच फाटकी. येतील तेवढ्या अहिराणी शिव्या देत त्या माणसावर झेप घेतली, केस धरून मागे ओढला. त्याचं कोपर बसून माझा ओठ फाटला. ती मीच, मला मारा, असं ओरडत होते. कोण ऐकतंय!

मग म्हातारीनं स्वतःच मास्क ओढून काढला. दोन शब्दांत धाप लागायची तिला.

"मारू नका, माझं लेकरू हाय ते."

स्टँड हवेतच थांबला. मारणारा मटकन खाली बसला आणि रडायला लागला. त्याचं माणूस गेलं होतं, मला कळत होतं. तरी मला त्याची कीव आली नाही, आजही येत नाही.

मेट्रननं सगळं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दारावर मात्र वॉचमन बसला. पाठीवर स्टाफचं नाव असेल तरच आत. आणि म्हातारीनं पुन्हा तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी लेक आला. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हातात डबा. किटची बाही कापून मी ती प्लास्टरवर चढवली. मार्करचं टोपण काढलं, पण लिहायला हात होईना.

तो माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"लिहा सिस्टर, तुमचंच लिहा. आई कालपासून उपाशी हाय."