कोम्बाची साक्ष

"झाड मालकिणीचं, दिवस माझा, रात्र कोम्बाची," असं म्वारिंगा येता-जाता म्हणायचा. आमच्या कालोलेनीत माडी काढणारे पुष्कळ, पण त्याच्यासारखा चढणारा मी दुसरा पाहिला नाही. कमरेला सुरा, पाठीला माडी भरायचा पोकळ भोपळा, आणि धूर वर जावा तसा माणूस सावकाश, न थांबता शेंड्याला पोचायचा.

जुम्वामावशीचे अकरा माड त्याच्याकडे होते. ना बायको, ना पोरं. ते अकरा शेंडे हाच त्याचा संसार. म्हणून भोपळे अर्धेच भरून उतरू लागले आणि मावशीने पंचांकडे तक्रार नेली, तेव्हा सगळा गाव जमला. निकाल विरुद्ध गेला तर म्वारिंगाने सुरा खाली ठेवायचा, म्हणजे पुन्हा माडावर चढायचं नाही, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

नऊ पंच सकाळी काजूच्या झाडाखाली चटयांवर बसले. म्वारिंगा टोपली घेऊन आला. टोपलीत कोम्बा, रात्री झाडांवर उड्या मारणारं, बटबटीत डोळ्यांचं जनावर. मांजराच्या पिलाएवढं अंग, त्याहून लांब शेपूट, कान छत्रीसारखे मिटून घेतलेले, आणि तोंडाला माडीचा वास.

"हा चोर," म्वारिंगा म्हणाला. "पहाटे बुंध्याशी पडलेला सापडला. रात्री वर जाऊन भोपळ्यात तोंड घालतो, आणि बदनाम मी."

"झिंगलेला साक्षीदार चालत नाही," एक पंच म्हणाला.

"तसं असेल तर पंचांतले तरी किती उरतील?" जुम्वामावशीने विचारलं.

मग तापल्या कुऱ्हाडीची शपथ कोम्बाला द्यावी का, यावर बराच काळ वाद झाला. खोटं बोलणाऱ्याचा तळहात भाजतो, हे खरं. पण याचा तळहात केवढा आणि कुऱ्हाड केवढी! इतक्यात कोम्बाने एक डोळा उघडला. त्याने ओंजळीत लघवी केली आणि ती तळपायांना नीट चोळली.

पंचांतले थोरले न्यान्जेबाबा गहिवरले. "बघा, चार माणसांत आला तर आधी हातपाय धुतले. घराणं चांगलं दिसतंय."

"बाबा, पाणी कुठलं होतं ते पाहिलंत का?" शेजारच्या पंचाने विचारलं.

बाबांनी आपली चटई मागे सरकवली.

शेवटी ठरलं, की चोराला चोरी करून दाखवू द्यावी. करवंटीभर माडी पुढे ठेवली. कोम्बा उडी मारून आला, चार-पाचदा जीभ लावली, एकदा डुलला आणि न्यान्जेबाबांनी काढून उलटी ठेवलेल्या टोपीत शिरून झोपला. करवंटी जवळजवळ भरलेलीच होती.

बाबांनी ती सगळ्यांना दाखवली. "अरे म्वारिंगा, एवढ्यात हा आडवा होतो. रोज कमी पडणारे पाच भोपळे संपवायला दोनशे तरी लागतील. तुझ्या बुंध्यांशी सकाळी दोनशे पडलेले असतात?"

"मोजले नाहीत, बाबा."

"वाटेत पाय कुठे ठेवतोस मग?"

लोक पोट धरून हसले. एक पंच तर म्हणाला, की कोम्बाच्या सासुरवाडीची मंडळी येत असतील. फक्त मावशी हसली नाही.

"म्वारिंगा, माझ्याकडे बघून सांग. कोण प्यायलं?"

तो टोपीकडे पाहत राहिला. त्या झोपलेल्या जनावरावर सगळं टाकायला अजून जागा होती. दोन पंच तर तयारच होते.

"पहिला घोट याचा असायचा, मावशी," तो म्हणाला. "वर वारा सुटलेला असतो. हा पानांच्या बेचक्यात बसून माझ्याकडे बघायचा. कुणी एकट्याने प्यावं, हे बरं दिसत नाही. म्हणून मी बसायचो. बाकीचं सगळं मी प्यायलो."

त्याने सुरा काढून चटईवर ठेवला. मावशीने तो उचलला.

"एक मागणं आहे," म्वारिंगा म्हणाला. "याला इथे ठेवला तर संध्याकाळपर्यंत कुत्री फाडतील. मावशी, तुमच्या झाडावर एकदा चढू?"

तिने मान डोलावली.

टोपीतल्या कोम्बाला त्याने सदऱ्यात घातलं आणि तो विहिरीजवळच्या माडावर चढला. सुरा नाही, भोपळा नाही. शेंड्यातल्या फुलोऱ्याच्या पोयीआड त्याला ठेवून उतरला, टोपी बाबांच्या हातात दिली आणि मारियाकानीच्या वाटेला लागला. नऊ पंच त्याच्याकडे पाहत होते. मावशी सुरा धरून उभी होती, आणि तो वळणाआड गेल्यावरही वाटेकडेच पाहत राहिली.