हेडरवरचा साथिया

कुठलीही वस्तू हातात आली की नाना आधी तिला नखानं टिचकी मारायचे, कान जवळ न्यायचे आणि विचारायचे, "बोलस का?" वस्तू खणखणीत बोलली तर मान हलवून खाली ठेवायचे. बद्द वाजली तर घरात कोणी आजारी पडल्यासारखा चेहरा करायचे.

ही त्यांची एनॅमलच्या कारखान्यातली सवय. लोखंडी पत्र्याच्या भांड्यावर काचेसारखा थर भट्टीत भाजून चढवायचा, हे त्यांचं काम. थराला आत कुठे तडा असला तर डोळ्यांना दिसत नाही, टिचकीला कळतो. माझ्या लग्नात त्यांनी आहेरातलं पितळी ताटही वाजवून पाहिलं. माझे सासरे चिडले. "काय हो, आम्ही खोटं दिलं का काय?"

"ताट खरं शे, पाव्हणा," नाना म्हणाले. "आते नवरदेव बोलस का ते पहा."

नाना माझ्या नात्यातले नव्हेत; मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट मी जळगावात भेटेल त्याला सांगत असे. आजही सांगतो, त्यात लाजायचं काय? नाना मला नावानं हाक मारायचेच नाहीत. "काय बी.कॉम., चहा लेस का?" मूळचे शिंदखेड्याकडचे. इतकी वर्षं जळगावात काढली, पण बोली सोडली नाही. माझ्या घरीही हीच बोली. ऑफिसात मी ती गिळून टाकायचो, नानांसमोर गिळता येत नसे.

मग घरोघर स्टीलची भांडी आली आणि आमचे मग, आमच्या थाळ्या, आमचे दवाखान्याचे ट्रे कोणाला नकोसे झाले. कारखाना बंद पडला. त्या वेळी खानदेशात काम सुटलेल्या माणसाला एकच वाट ठाऊक होती, ती म्हणजे सुरत. भट्टीवरचे बहुतेक लोक तिकडे कापडाचे गठ्ठे उचलायला गेले. नानांचा मेहुणा तिथेच होता. तोही सारखा बोलवायचा.

नाना गेले नाहीत. धुळे रोडला एका पडक्या शेडमध्ये त्यांनी स्वतःची छोटी भट्टी बांधली आणि घरांच्या, दुकानांच्या पाट्या भाजून देऊ लागले. ते काम किती पुरणार? पुढे रंगवलेल्या पाट्या स्वस्त झाल्या आणि भट्टी आठवड्यातून एकदा पेटू लागली, मग तेवढीही नाही. मी त्यांना सुरतेचं सुचवून पाहिलं.

"गठ्ठा उचलासाठे कोणी बी चालस," ते म्हणाले. "मी तठे गयू म्हणजे संपनू."

हे ते रागानं म्हणाले नाहीत. उद्याचं ऊन सांगावं तसं म्हणाले. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

मी तोवर पाचोऱ्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगच्या मालकांकडे हिशेबनीस म्हणून लागलो होतो. मालक तरुण होते, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांना गाड्यांचं वेड. मुंबईच्या भंगार बाजारातून त्यांनी परदेशी गाडीचं टर्बोचं इंजिन आणलं आणि आपल्या जुन्या गाडीत बसवून घेतलं. गाडी पळायची भन्नाट, पण टर्बोमुळे इंजिनातून धूर बाहेर नेणारे चार पाइप, ज्यांना मिस्त्री हेडर म्हणतो, ते लालबुंद व्हायचे. आपल्याकडचा मे महिना, त्यात ही आग. बॉनेटच्या रंगाला फोड आले, वायरी वितळल्या.

भाऊंनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की अशा पाइपांवर बाहेर चिनी मातीसारखा थर भाजून चढवतात. मग आग पाइपातच राहते आणि गाडी आणखी जोर धरते. ते मला म्हणाले, "आपल्याकडं कोण करणार हे?" मी नानांचं नाव सांगितलं.

भाऊ शेडवर आले, हेडर बघून नाना काय म्हणतात ते ऐकलं आणि उत्साहानं म्हणाले, "हे टिकलं ना नाना, तर जिनिंगच्या आवारात तुम्हाला मोठी भट्टी बांधून देतो. माझे सगळे दोस्त रांग लावतील. ट्रकवाले येतील ते वेगळेच."

 भाऊ गेल्यावर नानांनी हेडरला टिचकी मारली आणि माझ्याकडे बघून हसले. कारखाना बंद झाल्यापासून त्यांचं हसू मी पाहिलं नव्हतं.

थरासाठी लागणारा काचेच्या पुडीचा मसाला त्यांनी नव्यानं जुळवला. पाइपाच्या तुकड्यांवर थर चढवून ते भाजले, लाल करून पाण्यात बुडवले. पहिले तडकले. आणखी तडकले. शेवटी एक तुकडा पाण्यातून निघूनही बोलला. नानांनी तो माझ्या कानाला लावला. "ऐक बी.कॉम., ऐक."

या कामात सगळ्यात मोठा वैरी म्हणजे तेल. लोखंडावर तेलाचा डाग राहिला की तिथे थर धरत नाही. म्हणून नाना हेडर तेजाबानं धुवायचे, सोड्याच्या पाण्यात हात घासायचे, केसांचं तेल गळू नये म्हणून डोक्याला फडकं बांधायचे. धुतलेल्या हेडरजवळ मलाही येऊ देत नव्हते.

थर चढवायच्या दिवशी सकाळी भाऊ आले, आणि सोबत त्यांच्या आई, अक्का. अक्कांच्या हातात पूजेचं ताट होतं. गाडीचा नवा भाग विस्तवात जायचा तर आधी त्याची पूजा नको? अक्कांचे यजमान याच रस्त्यावर गाडीखाली गेले होते. मुलाच्या गाडीचं वेड त्यांना थांबवता येत नव्हतं. त्यांच्या हातात एवढंच होतं.

तुम्ही आपल्या भागातले असाल तर पुढचं ओळखलंच असेल. अक्कांनी भट्टीला हळदीकुंकू वाहिलं. मग तेलात कालवलेल्या शेंदरात बोट बुडवलं आणि धुऊन लख्ख केलेल्या हेडरच्या वळणावर साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढला. नाना अर्धे उठले होते. अक्का पुटपुटत होत्या, "मना पोरले सांभाळ, माय." डोळे भरलेले होते. नाना परत बसले.

ते लोक गेल्यावर मी म्हणालो, "नाना, धुऊन टाका ना आता. कोण बघतंय?"

"मायनी काढेल साथिया शे. पोरना नावना. कसा पुसू?"

"पण तेल?"

"विस्तव खाई टाकी," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

तेल थराला काय करतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी साथियाच्या वरूनच मसाला ओतला. भट्टीतून हेडर निघालं तेव्हा शेवाळी रंगाचं, ओल्या दगडासारखं चमकत होतं. त्या वळणावर त्यांनी टिचकी मारली नाही.

परीक्षा कन्नडच्या घाटात झाली. चाळीसगाव सोडलं आणि भाऊंनी गाडी चढावर अशी काही ओढली की मी डोळे मिटले. मागच्या सीटवर माझ्या शेजारी नाना गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. अर्ध्या घाटात जळका वास आला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं.

सगळं हेडर जसंच्या तसं होतं. फक्त त्या वळणावर थर सोलून पडला होता, आणि उघडं लोखंड लाल होऊन शेजारची वायर जाळून बसलं होतं. सोललेल्या जागेच्या चार बाजूंना चार फांद्या होत्या. मला तो आकार दिसला. नानांना दिसला. भाऊंना फक्त खपली दिसली.

"नाना, हे काय?"

"मसाला चुकना मना," नाना म्हणाले.

मी तोंड उघडलं. नानांनी माझं मनगट धरलं, असं की हाडाला कळावं.

भाऊ वाईट माणूस नव्हते. ओरडले नाहीत. "जाऊ द्या नाना," म्हणाले, "होत नाही हे आपल्याकडं. मी ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून घेतो." भट्टीचा विषय त्यांनी काढला नाही, पुढे कधीच काढला नाही.

परतल्यावर मी नानांवर चिडलो. एक शब्द बोलायला काय झालं होतं?

"सांगीसन काय व्हई? पोर मायवर चिडी. ती म्हातारी मंग पुढे कशाले हात लावी? तिले काही सांगू नको, बी.कॉम. कोणलेच सांगू नको." मी शब्द दिला.

पावसाळ्याच्या आत ते सुरतेला गेले. भट्टीच्या विटा कोणीतरी नेल्या, गोठ्यासाठी असाव्यात.

एकदा जिनिंगच्या कामानं मी सुरतेला गेलो तेव्हा त्यांना शोधलं. कापडबाजाराच्या एका गल्लीत ते पाठीवर गठ्ठा घेऊन जिना चढत होते. मला बघून थांबले नाहीत. वर जाऊन, गठ्ठा टाकून मग खाली आले. छाती भात्यासारखी चालली होती. मी ताज्या पेपरातलं काहीबाही बोललो. त्यांनी एकच विचारलं, "अक्का बरी शे ना?" मग मुकादमानं हाक मारली.

त्यानंतर एका हिवाळ्यात त्यांची बायको एकटीच शिंदखेड्याला परतली. नाना जिन्यावरच बसले होते, म्हणाली, गठ्ठा पाठीवर तसाच. लोकांना वाटलं, दम खातोय.

अक्का अजून होत्या. थकल्या होत्या, पण भाऊंनी नवी गाडी आणली की ताट घेऊन बाहेर यायच्या. अशाच एका सकाळी पूजा आटोपून त्या ओट्यावर टेकल्या आणि मला जवळ बोलावलं.

"तो भट्टीवाला कोठे शे रे आते?"

"सुरतले, अक्का."

"काम चांगलं चालस ना त्यानं?"

मी नानांना शब्द दिला होता. "चांगलं चालस," मी म्हणालो.

"चालीनच," अक्का समाधानानं म्हणाल्या. "त्यानी भट्टीले बी कुकू लायेल व्हतं मी."