सामानापाशी कुणीतरी

प्रागचे फोटो कुणी मागितले की मी जुन्या दगडी पुलाचे दाखवते. पुलाअलीकडच्या बाकाचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

आमची टूरची बस तिथे एका दिवसासाठी गेली होती. मागच्या सीटवर नाशिक रोडच्या एक काकू होत्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुलापाशी उतरल्यावर गाइडने तासाभराचा वेळ दिला. काकू लगेच बाकावर बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या, सामान द्या इकडे." ऊन निघालं होतं. जो तो जॅकेट, पिशवी त्यांच्याकडे देऊन पळाला. मीसुद्धा.

परतले तेव्हा काकू पिशव्यांचे बंद मनगटाला गुंडाळून ताठ बसल्या होत्या. मांडीवर लोकांच्या जॅकेटांच्या नीट घड्या. साडीखालचे नवे स्पोर्ट्स शूज अजून कोरेच.

"काकू, गुडघे दुखतात का?"

"छे गं! पाय ठणठणीत आहेत माझे. वणीच्या गडावरही मी खालीच बसते, चपलांपाशी. आधी पायऱ्या होत्या, आता ट्रॉली झाली. पण सामानापाशी कुणीतरी लागतंच ना."

"उठा, आता मी बसते."

त्या खरंच उठल्या. सामान बाकावर ठेवून पदर सारखा केला, पुलाकडे चार पावलं गेल्याही. तेवढ्यात निघायची खूण म्हणून गाइडची लाल छत्री वर झाली. काकू लगबगीने परतल्या आणि ज्याची त्याची पिशवी हातात देऊ लागल्या.

माझी देताना त्यांनी हळूच विचारलं, "पुलावर वारं होतं का गं?"