दहा चक्र्या आणि एक चढ

लॉकडाऊनमध्ये माझ्या धाकट्या भावानं पुण्यात डोंगरात चालवायची सायकल घेतली. चार रविवार चालवली. मग ती त्याच्या गॅलरीत उभी राहिली, आणि भावजयीला कपडे वाळत घालायला जागा हवी होती. त्या वर्षी भाऊबीजेला मला साडीऐवजी सायकल मिळाली.

मी उपकेंद्रात नर्स आहे. आधी वेल्ह्याकडं पासलीला होते, मग बदली होऊन हिर्डोशीला आले. दोन्हीकडं वाड्या लांब लांब, एसटी मोजक्याच, आणि मला स्कूटरची भीती वाटते. सायकल येत होती. पहिल्या आठवड्यात लोक तिच्याकडं थांबून बघायचे. दुसऱ्या आठवड्यापासून मला थांबवून गुडघे का दुखतात ते विचारायला लागले. म्हणजे सवय झाली.

सायकलीला पुढं, पायडलपाशी, एकच दातेरी चक्र होतं. मागं दहा चक्र्या, सगळ्यांत मोठी ताटलीएवढी. हँडलवरचं बटण दाबलं की चेन एकीवरून दुसरीवर जायची. ती ढकलण्याचं काम मागच्या चाकाशी लोंबणारी एक वीतभर वस्तू करते. तिला डिरेलर म्हणतात हे मला ती तुटली तेव्हा कळलं. तोवर मी तिला स्टँडचा भाग समजत होते.

तुटली ती वरच्या वाडीवरून उतरताना. ती लोंबणारी वस्तू दगडाला लागली, चाकाच्या तारांत शिरली आणि चाक जागच्या जागी थांबलं. मी थांबले नाही. बांधावरून नाचणीच्या मोकळ्या शेतात गेले. गवत कापणाऱ्या एका बाईंनी विळा थांबवून विचारलं, "सिस्टर, पडला व्हय?"

"नाही, उतरले," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोत सायकल टाकून भोरला गेले. तिथं एक चाचा आहेत, सत्तरीला आलेले. पूर्वी त्यांची भाड्यानं सायकली द्यायची मोठी शेड होती. आता त्याच जागेत ते मोटारसायकलींचे पंक्चर काढतात. त्यांनी तुटलेला डिरेलर हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा केला.

"असली गियरची सायकल म्या कदी खोलली न्हाई," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय, आता खोलतो."

नवा भाग भोरमध्ये मिळणार नव्हता. तोवर चाचांनी चेन तोडून आखूड केली आणि एकाच चक्रीवर बसवायची ठरवली. "दहातली कुठली? एकच सांगा, सारखी बदलता यायची न्हाई." मी मधली सांगितली. पुढचे तीन आठवडे मी सपाटीवर नुसतेच पाय फिरवत होते आणि चढावर ते फिरतच नव्हते. ज्या रस्त्याला ती चक्री बरोबर होती, असा अर्धा किलोमीटरचा तुकडा मला नीरा-देवघर धरणाच्या कडेला सापडला.

दरम्यान भावाला फोन केला. त्याला खूप आनंद झाला. त्यानं असा डिरेलर सुचवला की ज्याला वायरच नसते, विजेवर चालतो, फक्त अधूनमधून चार्ज करावा लागतो. मी म्हटलं, "इथं मोबाईल पूर्ण चार्ज झाला की मी तो दिवस चांगला धरते." त्यावर त्यानं विषय बदलला.

पुढच्या बाजारच्या दिवशी चाचांकडं गेले, तर त्यांनी तुटक्या डिरेलरचा स्क्रू न् स्क्रू काढून जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला होता. त्यांना आता सगळं कळलं होतं. मी आयांना पोलिओ डोसाबद्दल समजावते तितक्या शांतपणे त्यांनी मला ते सांगितलं. हँडलवरचं बटण दहा खटक्यांचं आहे, म्हणून डिरेलरही दहाचाच आणि त्याच कंपनीचा हवा. पुढं एकच चक्र असल्यानं चेनला तिथं धरून ठेवणारं काही नाही. म्हणून ती खड्ड्यांत उड्या मारू नये असा अडसर ज्याच्या आतच असतो, तोच घ्यायचा. इथपर्यंत आमचं दोघांचं एकमत होतं.

प्रश्न दांडीचा होता. डिरेलरची खालची दांडी लांब किंवा आखूड मिळते. लांब असेल तर ती ताटलीएवढी चक्री चालते, पण दांडी खाली लोंबते आणि दगडाला लागते. आखूड असेल तर दगड चुकतात, पण मोठी चक्री सोडून मागचा सगळा संच लहान घ्यावा लागतो. चाचांनी खडूनं खूण करून मोठ्या चक्रीचे दाते मोजले. शेहेचाळीस. मी मोजले, पंचेचाळीस आले. पुन्हा मोजले. शेहेचाळीसच होते.

"ह्या मोठीवर कदी जाता तुमी?" त्यांनी विचारलं.

"वरच्या वाडीच्या चढाला."

"समदा चढ बसून जाता?"

"हो."

"मग लांब दांडीचाच लागंल," चाचा म्हणाले, आणि त्यांनी तसं कागदावर लिहून दिलं.

त्या शुक्रवारी मी वरच्या वाडीला गेले, अर्थातच सायकल हातात धरून. तिथं एक आजी आहेत, त्यांचा रक्तदाब दर आठवड्याला बघावा लागतो. पट्टा बांधताना मी म्हटलं, "सायकल बिघडलीय हो आजी, म्हणून चालत आले."

आजी म्हणाल्या, "म्हंजी? तुमी तर दर खेपेला अशाच येताय की."

"कशा?"

"अशाच. सायकल हातात धरून. त्या आंब्यापासनं वर मला हितनं दिसतंय. वर्षभर बघतीया. मला वाटलं, सायकलीला चढाचं भ्या असंल."

मी रक्तदाब लिहून घेतला. उतरताना आंब्यापाशी थांबले आणि प्रामाणिकपणे आठवून बघितलं. आंब्याच्या अलीकडं मी खाली उतरते, कारण तिथं रस्ता चांगला नाही. आणि पलीकडं पुन्हा बसत नाही, कारण तोवर चढ संपत आलेला असतो असं मला वाटतं. तो अजून निम्मा शिल्लक असतो. शेहेचाळीस दात्यांवर बसून मी त्या वाडीला एकदाही पोचले नव्हते. मला थोडं वाईट वाटलं. पण मग हेही लक्षात आलं की त्या मोठ्या चक्रीसाठी मी वर्षभर ती लांब दांडी दगडांतून फिरवत होते.

रेंज आल्यावर चाचांना फोन केला. "चाचा, लांब नको, आखूडच मागवते."

"का? चढ?"

"चढ मी चालत जाते."

चाचा म्हणाले, "मग बरं झालं. दगडाची काळजी मिटली."

भावानं आखूड दांडीचा डिरेलर आणि लहान चक्र्यांचा संच पाठवला, पण नाराजीनं. "ताई, तू खर्च करून गियर हलका करायचा सोडून जड करून घेतेयस."

"हो," मी म्हटलं.

ज्या दिवशी चाचांनी ते बसवलं, त्या दिवशी त्यांनी दुपारचं जेवण पुढं ढकललं. वायर ओढायची, पायडल फिरवायचं, स्क्रू पाव वळसा पिळायचा, पुन्हा फिरवायचं. शेवटी चेन दहाही चक्र्यांवर काही न बोलता जायला लागली. "चालवून बघाय पायजे," ते म्हणाले आणि लुंगी सावरून स्वतःच बसले. पंधरा मिनिटांनी आले. "तिसऱ्याला जरा अडकतीया," म्हणाले, आणि काहीही न पिळता पुन्हा गेले. या वेळी अर्धा तास लागला. त्यांचं एक गिऱ्हाईक पंक्चर झालेली मोटारसायकल घेऊन माझ्याशेजारी येऊन बसलं. मी त्याला सांगितलं की चाचा कामात आहेत.

परतताना टेम्पो केला नाही. धरणाच्या कडेकडेनं हिर्डोशीपर्यंत चालवत आले. दहाही चक्र्या निदान एकेकदा वापरल्या, सपाटीवर काहींची गरज नव्हती तरी. घरी पोचले तोवर भावाचा फोन आला.

"कसा वाटतोय नवा डिरेलर?"

"दिसला नाही."

"म्हणजे?"

"मागं असतो ना तो. मी पुढं बघून चालवते."

मग तो भावजयीची नवी गॅलरी कशी झालीय ते सांगत बसला.