कासवदेवाचे डोळे

दिनकर गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरकडून कळली. श्रावणी सोमवार, शाळा अर्धी सुटलेली, मी पौडच्या स्टँडवर घरी, मालेला, जायच्या गाडीची वाट बघत उभा होतो. पुण्याहून आलेल्या गाडीतून कंडक्टर उतरला आणि तिकिटांची पेटी काखेत धरून सरळ माझ्याकडेच आला. "गुर्जी, तुमचे ते भिंगवाले सर... गेले म्हनं काल. घरनं निरोप दिलाय त्यांच्या." आणि मी त्याला विचारलं, कुठं गेले? त्या बिचाऱ्याने पेटी या काखेतून त्या काखेत घेतली. पण माझंही काही चुकलं नव्हतं. दिनकर कायम कुठे ना कुठे गेलेलाच असायचा. सुट्टी लागली की हिमालयात, तिथल्या बर्फातल्या कुठल्यातरी दरीत, नाहीतर कुणाच्यातरी प्रयोगशाळेत. तो गेला म्हणजे महिन्याभराने दाढी वाढवून आणि पिशवीत दगड भरून परत येणार, असा आमचा इतक्या वर्षांचा हिशेब होता. तो हिशेब अजून माझ्या डोक्यातून पुरता गेलेला नाही.

पुण्याला कॉलेजात असताना वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो. मी मराठी घेऊन मास्तर झालो आणि पौडच्या शाळेत रुजलो, तो भूगर्भशास्त्र घेऊन त्याच कॉलेजात प्राध्यापक झाला. पुढे त्याने आयुष्य वाहिलं ते ट्रायलोबाइट नावाच्या एका किड्याला. किडा म्हटलेलं त्याला खपत नसे. मासेसुद्धा जन्मायचे होते तेव्हा हा प्राणी समुद्राच्या तळाशी चालत होता, असं तो मला ऐकवायचा. अंगावर कवच, कवचाला आडव्या वळ्या, आणि लांबीत तीन पट्टे: मधे उंचवटा, दोन्ही अंगांना उतार. पुढे डोकं, मागे शेपूट. आणि डोळे. त्या डोळ्यांबद्दल बोलायला लागला की दिनकरचा चहा गार व्हायचा. त्यात एक नव्हे, अनेक भिंगं असतात, ओळीने बसवलेली, आणि तीही चुनखडीच्याच स्फटिकाची. ओळी किती, ओळीत भिंगं किती, यावरून पुष्कळदा जात ठरते. मी विचारायचो, अरे पण आपल्या सगळ्या मुलखात हा प्राणी एक तरी सापडतो का? नाही, तो शांतपणे म्हणायचा, आपल्याकडे सगळा लाव्हाचा दगड, त्यात काय सापडणार. जे आपल्या गावात नाही त्याच्या पाठीमागे माणूस इतका का लागतो, हे मला तेव्हाही कळलं नाही.

...आणि तो प्राणी निघाला आमच्या देव्हाऱ्यात.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला दिनकर मालेला आला होता. मांडवात जायच्या आधी देवाला नमस्कार करावा म्हणून देव्हाऱ्यापुढे वाकला तो वाकलेलाच राहिला. आमच्याकडे चांदीचे टाक आहेत, पितळेची अंबाबाई आहे, आणि त्यांच्या शेजारी मुठीत मावेल एवढा एक करडा दगड आहे. त्याला घरात कासवदेव म्हणतात. पाठीवर वळ्या, एका टोकाला दोन फुगीर गाठी, म्हणून कासव. माझी आई रोज त्याला पाणी घालायची, गंध लावायची. दिनकरने खिशातून भिंग काढलं, समईजवळ डोकं नेलं, कपाळावरचे केस जळता जळता वाचले. मग माझा दंड धरून मला परसात नेलं आणि म्हणाला, नाना, तुमचं कासव हे कासव नाही. त्याचा चेहरा असा झाला होता की नवरदेव पळाला की काय असं मला वाटलं.

आईला विचारलं, हा दगड आला कुठून? ती म्हणाली, आजेसासऱ्यांच्या नांगराला लागला, भाताच्या खाचरात, जुन्या गावाला. दिनकर म्हणाला, हे शक्यच नाही. माझे चुलते म्हणाले, नांगराबिंगराला काही नाही, कुणीतरी पूर्वज बद्रीला गेला होता त्याने आणला. आईने चुलत्यांकडे नुसतं बघितलं, आणि चुलते मांडवाकडे निघून गेले. खरंखोटं करायला जुनं गाव उरलं होतं कुठे? मुळशीचं धरण झालं तेव्हाच ते खाचरासकट पाण्याखाली गेलं, आणि आमची माणसं देव घेऊन मालेला आली. तरी त्या मे महिन्यात पाणी ओसरल्यावर दिनकर मला घेऊन धरणाच्या पोटात उतरला. भेगाळलेला चिखल, देवळाचं जोतं, आंब्यांचे काळे बुंधे... आणि हा शहाणा माणूस मान खाली घालून दगड उलटेपालटे करत चाललेला. मी वैतागलो. तूच म्हणतोस इथे असूच शकत नाही, मग शोधतोस काय? तो थांबला, घाम पुसला आणि म्हणाला, "आई खोटं बोलत नाहीत. आणि मी शिकलो तेही खोटं नाही. मग मी काय करू, सांग." काळ्या दगडाखेरीज त्या दिवशी काही मिळालं नाही.

त्याचा जीव अडकला होता तो डोळ्यांत. वळ्या त्याने समईच्या उजेडात मोजल्या होत्या, पण भिंगांच्या ओळी मोजायला ऊन हवं होतं आणि देव काही उन्हात येत नाही. आमच्याकडे देव देव्हाऱ्याबाहेर निघतात ते वर्षातून एकदाच, घट बसायच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी ते अंगणात आणून उजळायचे, आणि दुसऱ्या दिवशी विड्याच्या पानांवर बसवायचे. एकदा बसले की दसऱ्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. आईने त्याला बजावलं होतं, "घट बसायच्या आत ये बाबा. मग दसऱ्यापतूर देव हालत न्हाईत." दिनकरने सगळं वर्ष त्या एका दिवसावर टांगून ठेवलं. आजवर कुणी न पाहिलेली जात निघेल असा त्याला संशय होता. निघालीच तर तिला आमच्या गावाचं नाव द्यायचं, हे तो मला लाजत लाजत म्हणाला होता, मुलीचं लग्न ठरल्यासारखं.

तो कॅमेरा उसना घेऊन आला. गाडी उशिरा पोचली. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा देव पाटावर ओळीने उन्हात वाळत होते आणि आई पदराला हात पुसत होती. टाक आणि अंबाबाई ती चिंच-राखेने घासायची, दगडावर दरवर्षी नुसतं पाणी. पण यंदा देवाचा फोटो निघायचा होता ना! म्हणून तिने कासवदेवालाही चिंचेच्या कोळात ठेवलं आणि नारळाच्या शेंडीने चांगलं खसाखसा घासलं. दगड पांढराफेक निघाला होता. दिनकर उकिडवा बसला, भिंग लावलं, एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. मी त्याच्या मानेकडे बघत होतो. मग मीही वाकलो. चुनखडीला आंबट लागलं की ती फसफसून विरघळते, हे मला वसतिगृहातच त्याने करून दाखवलं होतं. डोळ्यांच्या दोन गाठी होत्या त्या जागी आता नुसता गुळगुळीत उंचवटा होता. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दिनकरने माझ्या पायावर पाय ठेवून दाबला. "आई," तो म्हणाला, "झक्क उजळलाय देव." मग त्याने फोटो काढला, पण तो आईचा, देव मांडीवर घेऊन बसलेली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तिचा फोटो काढत होतं, त्यामुळे ती अवघडून बसली होती. स्टँडवर जाताना तो मला एवढंच म्हणाला, आईंना यातलं कधी कळू द्यायचं नाही. मी त्याला शब्द दिला आणि तो पाळला.

त्यानंतर तो विषय काढला की तो दर वेळी वेगळंच बोलायचा. एकदा म्हणाला, साधीच जात होती रे, पुस्तकात असलेली. दोन वर्षांनी म्हणाला, तसला डोळा मी पुन्हा कुठे पाहिला नाही. आणि अगदी शेवटच्या भेटीत, गेल्या शिमग्यात, म्हणाला की हा प्राणी वाढताना कात टाकतो, आपल्याला मिळते ती बहुतेक वेळा कातच असते, प्राणी स्वतः पुढे निघून गेलेला असतो, तेव्हा तू उगाच सुतक पाळू नकोस. मला राग आला. ज्याचं नुकसान झालं तो हसतोय आणि मी मात्र रात्रंदिवस कुढतोय! तरी दरवर्षी घट बसायच्या आदल्या दिवशी तो न चुकता यायचा. आता बघण्यासारखं उरलंय काय, हे त्याला कधी विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्याचं दहावं करून मी पुण्याहून परत आलो त्या संध्याकाळी आईने कासवदेव माझ्या पुढ्यात आणून ठेवला. म्हणाली, "ह्यो घेऊन जा पुन्याला. तेच्या त्या दगडांत ठेव." ज्या बाईने देव अंगणापलीकडे न्यायचं नाव काढू दिलं नव्हतं तीच हे म्हणत होती. मी दगडाकडे बघत राहिलो. आता नेऊन उपयोग काय, हे तिला कसं सांगायचं? शब्द दिलेला. म्हटलं, राहू दे, तुझा देव आहे. ती म्हणाली, "डोळं गेलं म्हून न्हेत न्हाईस व्हय?"

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"चिंचंत टाकला तवाच फेस आला. मी लगीच काडला, पर घासाया लागल्यावर हात थांबला न्हाई माजा. तू म्हशीला वैरण घालाया गेलास तवा मीच इचारलं तेला, दिनकर, म्या काय केलं? लपिवलं न्हाई तेनं. सांगितलं समदं. आन म्हनला, नानाला बोलू नका, त्यो तुमच्यावर चिडंल." तिने पदराने दगड पुसला. "दरसाल कशाला येत व्हता वाटलं तुला? ह्येला धुवाया. माजा हात भीत व्हता ह्येला लावाया. तू साळंतनं यायच्या आत साध्या पान्यानं धुवायचा, सकाळी बसवायचा आन जायचा."

म्हणजे मी तिच्यापासून लपवत होतो, ती माझ्यापासून, आणि आमच्या दोघांच्या मधे बसून हा गृहस्थ चहा पीत होता. मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. कुठल्या क्रमाने ते आता आठवत नाही.

आईने ऐकलं नाहीच, म्हणून मी दगड रुमालात बांधून पुण्याला गेलो. दिनकरच्या बायकोने, सुमनवहिनींनी, त्याचं कपाट उघडलं. सपाट खणांमध्ये कापसावर त्याचे ट्रायलोबाइट मांडलेले, आणि वरच्या खणात एका चौकोनात नुसताच कापूस, मुठीएवढा खळगा करून ठेवलेला. वहिनी म्हणाल्या, "हे रिकामं का, म्हणून मी विचारायचे. तर म्हणायचे, तो दुसऱ्यांच्या घरी सुखात आहे." मी रुमाल सोडला. दगड त्या खळग्यात बरोबर बसला. वहिनींनी तो बघितला, मग उचलून परत माझ्या हातात दिला. त्यांनी जन्मात कधी मागितला नाही, म्हणाल्या, मी कशी ठेवून घेऊ? आई ठेवून घेईना, वहिनीही ठेवून घेईनात; मी दोघींच्या मधे, एसटीत, देव मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने विचारलं, काय आणलंत पुण्याहून? मी म्हटलं, गावाहूनच नेलं होतं, तेच परत.

काल घट बसायच्या आदला दिवस होता. आईने बाकीचे देव उजळले आणि कासवदेव तेवढा बाजूला ठेवला, पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ. मी बाह्या सारून बसलो आणि साध्या पाण्याने तो धुतला. वळ्याही आता बोटाला जेमतेम लागतात. आज सकाळी पान मांडलं, त्यावर त्याला ठेवणार तेवढ्यात आई म्हणाली, "तोंड उगवतीला ठेव." मी दगड एकीकडून फिरवला, दुसरीकडून फिरवला. दोन्ही टोकं सारखीच गुळगुळीत. दिनकर डोळे मिटून नुसता अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, हे बघ, हे डोकं. मी अंगठा फिरवून बघितला. मला काही कळलं नाही.

"आई, तोंड कुठलं?"

"मला काय ठावं," ती म्हणाली. "त्योच बसवायचा."

शेवटी अंदाजाने बसवला. घट बसले आहेत. कासवदेव उगवतीकडे बघतोय की पाठ फिरवून बसलाय, आम्हाला माहीत नाही, आणि दसऱ्यापर्यंत त्याला हलवता येत नाही. दसऱ्यानंतर हलवता येईल... पण तेव्हाही विचारायचं कुणाला?