वाडीपर्यंत न पोचणारा शोध

लिहायला बसलो खरा, पण हात अडखळतोच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. लिहिणं हे शिकलेल्या माणसांचं काम, असं ऐकतच मी वाढलो, आणि मी तर अजून शिकतोच आहे. तेव्हा कुठे आगाऊपणा वाटला तर माफ करावं. पण हा राग गिळून बसणं मला जमत नाही.

गेल्या वर्षी रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत संगणक आला. गच्चीवर उपग्रहाची भली मोठी तबकडी बसली आणि मुंबईचं टपाल कागदाशिवाय थेट पडद्यावर दिसू लागलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजनं मला तिथं शिकाऊ म्हणून पाठवलं.

आलेलं टपाल संगणकातल्या कप्प्यांत लावलेलं असे. तालुक्याचा कप्पा, त्याच्या पोटात गावाचा, गावाच्या पोटात एकेका वाडीचा. कचेरीतले कागदांचे जुने गठ्ठेही असेच बांधलेले होते. कारण आमच्याकडे गावात कुणी राहतच नाही, सगळे वाडीत राहतात. दोन वाड्यांच्या मधे कातळ, काजूची झाडं, भातखाचरं. गाव असतं ते एसटीच्या पाटीवर.

एवढ्या टपालातून हवं ते शोधायची सोय मात्र नव्हती. मुंबईहून आलेले एक इंजिनिअर ती तयार करणार होते. शोधणाऱ्यानं काय टाइप करायचं, कुठल्या क्रमानं, त्याचे नियम त्यांनी मला लिहायला सांगितले. मला आभाळ ठेंगणं झालं.

मी ठरवलं, आधी जागा, मग शब्द. कचेरीत येणारा माणूस आधी कुठला ते सांगतो, मग कशासाठी आला ते. म्हणून आधी कप्प्याचं नाव, मग दोन टिंबं, मग हवा तो शब्द. दोन शब्द शेजारी असले तर दोन्ही सापडले पाहिजेत, मधे उभी रेघ असली तर कुठलाही एक चालेल. आणि शेवटचा नियम: गावाचं नाव टाकलं की त्याच्या पोटातल्या सगळ्या वाड्याही धुंडाळायच्या.

इंजिनिअरांनी बाकीचे नियम ठेवले आणि शेवटच्यावर काट मारली.

“हे कशाला? मशीन किती वेळ घेईल, कल्पना आहे?”

“सर, लोक गावाचं नाव सांगतील आणि पत्र वाडीत असेल.”

“मग वाडीचं सांगतील. तोंड आहे ना त्यांना?” ते हसले. “काय रे तुमचं कोकण, माणसं थोडी आणि वाड्याच फार!”

मी चाचरत म्हटलं, निदान नावापुढे फुली मारली तर वाड्या बघू दे. ते म्हणाले, फुली लक्षात कोण ठेवणार? विषय संपला.

शोधायची सोय सुरू झाली, आणि पुढच्याच आठवड्यात माझे काका कचेरीत आले. आमची वाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. पावसाळ्यात व्हाळ फुगतो, आणि शाळेची पोरं माडाच्या दोन खोडांवरून तो ओलांडतात. आदल्या पावसात काकांची मुलगी तिथून घसरली, काठचं झुडूप हाती लागलं म्हणून वाचली. साकव हवा, पायी जाण्यापुरता लहानसा पूल, म्हणून वाडीनं अर्ज केला होता. त्याचं काय झालं, ते विचारायला काका आले होते.

कचेरीचे साहेब घाटावरून बदलून आलेले. त्यांच्याकडे गाव म्हणजे एका जागी दाटीनं वसलेली घरं. त्यांनी विचारलं, “गाव कुठलं?” काकांनी गाव सांगितलं. साहेबांनी गाव टाकलं, दोन टिंबं, साकव. पडद्यावर आलं: नाही.

“काही आलेलं नाही मुंबईहून. निघा.”

मी उठून म्हटलं, “साहेब, वाडीचं नाव टाकून बघता का?”

“तू शिकायला आलायस ना? मग शीक. सरकारी टपालात नाक खुपसू नकोस.”

शिकाऊंनी खऱ्या टपालाला हात लावायचा नाही, असा कचेरीचा नियमच होता. इंजिनिअर बाजूच्या खुर्चीवर होते. त्यांना सगळं ठाऊक होतं. ते चहा पीत राहिले.

मला आजही संताप येतो तो याचाच. यंत्राला म्हणायचं होतं एवढंच, की या कप्प्यात नाही. पडद्यावर दाखवलं ते नुसतं ‘नाही’. आणि सरकारी टेबलावरून आलेल्या ‘नाही’पुढे आमची माणसं बोलत नाहीत, चपला घालून निघतात.

काका मात्र जिन्यात थांबले.

“काय रं, तुमच्या मशिनीत आमची वाडी नाय?”

“आहे काका. पण ते खाली उतरून बघत नाही.”

“असा कसा? शिमग्याला देवाची पालखी व्हाळ उतरून दारात येते आमच्या. ह्या मशिनीला काय देवापेक्षा मोठा मान हवा?”

मला हसू आलं नाही. परत वर जाऊन वाडीचं नाव सांगा म्हटलं, पण ‘निघा’ ऐकल्यावर काका पुन्हा जिना चढले नाहीत.

सुट्टी संपली, मी कॉलेजात परतलो. तो पावसाळा पोरांनी खोडांवरूनच काढला. यंदा शिमग्याला घरी गेलो. पालखी आमच्या अंगणात नाचून पुढच्या घरी गेली, तेव्हा काकांनी मला बाजूला घेतलं. गुलालानं तोंड लाल, पण आवाज उतरलेला.

“कचेरीत गेलवतो. मुंबयवरनं नवा प्रोग्रॅम आलाय म्हनं. आता गाव टाकला का वाड्या पन दिसतात. तू सांगत व्हतास तसाच.”

“मग? साकवाचं बघितलं?”

“मोठ्या कारकुनानं बघितला. मंजूर झालेला. तू तिकडं व्हतास ना, तेव्हाच येऊन पडलेला आपल्या वाडीच्या कप्प्यात. जमिनीची संमती मागितली व्हती त्यांनी. आपन काय धाडलीच नाय. म्हनून दिला दुसऱ्या गावाला.”