पांढरी पाचमधला भूप

आमचा बँड आजोबांपासूनचा. पंचवटीत दुकान, मोठा भाऊ बँडमास्तर आणि मी ट्रम्पेटवर. बारावी झाल्यावर मी गंगापूर रोडला एका बाईंकडे गाणं शिकायला जाऊ लागलो. बँडवाला शास्त्रीय शिकतो म्हणून गल्लीत हसले, बाईंच्या वर्गातही दोघी हसल्या. बाई मात्र कधी हसल्या नाहीत. लग्नसराईत माझा वर्ग बुडायचा, तेव्हा त्या मला वेगळ्या सकाळी एकट्याला बसवायच्या. फी वाढवली तेव्हाही माझी वाढवली नाही. पुढं लग्न झालं, मुलं झाली, तरी मी जात राहिलो.

बाईंचा भूप आम्हा सगळ्यांनाच पाठ होता. लय अगदी संथ आणि सा पांढरी पाचचा, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीचा. त्या खालच्या पंचमावर थांबत, तेव्हा पुढची ओळ कधी आली नाही तरी चालेल असं वाटायचं.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्यांच्या मुलानं हॉल घेतला, गावोगावचे शिष्य बोलावले. बाई दारात उतरतील तेव्हा आमच्या बँडनं त्यांचाच भूप वाजवावा, असं मी सुचवलं. मुलाला कल्पना आवडली. आईला आधी कळू द्यायचं नाही, एवढंच तो म्हणाला.

बँडवर भूप बसवणं सोपं नव्हतं. आमची वाद्यं काळी पाचची, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीच्या सुराची. त्या सुरात बोटं आपोआप पडतात, म्हणून चाल मी आधी तिथंच शिकवली. सगळ्यांना पाठ झाल्यावर ती खाली पांढरी पाचला आणली, आणि तिथं सगळे अडखळले. दादाचं म्हणणं पडलं की दारात उभं राहून वाजवायचंय, सूर कुठला आहे हे कोण बघणार? मी म्हटलं, बाई बघतील.

लयीचा प्रश्न त्याहून मोठा होता. बाईंच्या लयीत एकेक सूर इतका लांब की फुंकणाऱ्याचा दम तुटतो. मी लय किंचित वाढवली, साइड ड्रम काढून टाकला, आणि दोन-दोन माणसांना एकाच सुरावर ठेवलं. एकानं श्वास घ्यायचा तेव्हा दुसऱ्यानं सूर धरायचा. आमचा युफोनियमवाला, म्हणजे मोठं पितळी वाद्य फुंकणारा, पेठ तालुक्यातला, भाताची कामं आटपली की शहरात येतो. तो म्हणाला, लय गोड हाय, पर दम पुरत नाय. तरी रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी तो भूप अख्खा लागला. दुकानासमोर रिक्षावाले थांबून ऐकत होते.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आम्ही हॉलच्या दारात उभे राहिलो. पाहुणे येत होते. बाई यायला अवकाश होता, म्हणून मी एकदा वाजवून घेतलं. बाईंचा मुलगा आतून घाईनं आला.

"हे असं रडकं नको. लोक येतायत, जरा उठाव येऊ द्या."

मी त्याला समजावायला लागलो, की हा आईंचाच सूर आहे, लयही जवळपास त्यांचीच आहे. तो माझ्याकडे न बघता दादाशी बोलू लागला. दादानं मान हलवली आणि साइड ड्रमवाल्याला बोलावून घेतलं. एवढ्यात गाडी आली. दादानं हात वर केला आणि वरातीची लय दिली. त्या लयीत पांढरी पाचवर कुणाचीच बोटं चालली नसती, सगळे आपसूक काळी पाचवर गेले. बँड मास्तरच्या हातावर चालतो. मीही वाजवलं.

बाई गाडीतून उतरल्या आणि उभ्याच राहिल्या. कुणीतरी पुष्पगुच्छ पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. वाजवणं संपल्यावर त्या सरळ माझ्यापाशी आल्या.

"हे मी शिकवलं तुला?"

आजूबाजूला त्यांचे सगळे शिष्य होते. वर्गात हसणाऱ्या दोघीही होत्या. बाईंचा मुलगा शेजारीच उभा होता, तो मोबाइलमध्ये बघत होता. त्यांच्या वाढदिवसाला त्यांच्याच मुलाचं नाव घेणं मला जमेना. मी ट्रम्पेट खाली धरून उभा राहिलो. बाई आत गेल्या. आम्हाला आत बसायला सांगितलं नव्हतं, आम्ही टेम्पोत वाद्यं भरली.

पुढचे कित्येक महिने मी वर्गाला गेलो नाही. दिवाळीत मात्र राहवेना. बाईंनी दार उघडलं, बस म्हणाल्या, फराळाची ताटली पुढं ठेवली. मी सगळं सांगितलं: सूर कसा खाली आणला, दोघंदोघं श्वास कसे घेत होते, दारात काय झालं.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "हे त्याचं काम, ते मी दारातच ओळखलं. त्यानंही त्याच दिवशी सांगितलं. हसत हसत."

मी विचारलं, "मग बाई, मला का बोललात?"

त्या म्हणाल्या, "राग आवरला नाही. त्याला चारचौघांत बोलता आलं नसतं. तुला बोलता येत होतं."

त्यांनी ते क्षमा मागितल्यासारखं म्हटलं नाही, आणि मला दुखवायला तर नाहीच. जे होतं ते सांगितलं. इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो होतो. चिवडा संपवून मी उठलो, वाकून नमस्कार केला.

त्या संध्याकाळचा व्हिडिओ कुणीतरी काढला होता, तो फिरत राहिला. आता चांदवडपासून सुपारी घेऊन येणारे लोकही तेच मागतात, ते हॉलच्या दारातलं जोरदार वाजवा म्हणतात. दादा खूश आहे. मी वाजवतो. घरी रियाज मात्र बंद झाला. पेटी माळ्यावर आहे.

बाईंकडची एक विद्यार्थिनी परवा भाजीबाजारात भेटली. बाई विचारत होत्या, तू का येत नाहीस, असं तिनं सांगितलं. मी लग्नसराईचं कारण दिलं. दिवस आषाढाचे होते, तिलाही ते कळलं असणार. तिनं मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि सांगते म्हणाली.